सतराव्या समीकरणातलं ऋण चिन्ह

२० नोव्हेंबर १९९८, शुक्रवार. माझ्या टायपिंग क्लासची दुपारची बॅच सुटली होती आणि मी सहा नंबरच्या मशीनची अक्षरं रॉकेलात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशनं घासत होते. कारखान्याचं गाळप सुरू झालं की कोपरगावात काजळी दारं लावून घेतली तरी आत येते. ती रिबनच्या शाईत मिसळते आणि इंग्रजी ओ, ई, ए या अक्षरांची पोटं बुजवून टाकते. मग कागदावर सगळी गोल अक्षरं काळे ठिपके होऊन उमटतात. हे काम मी मुलींना देत नाही. जोर लावतात आणि अक्षराची दांडी वाकवून ठेवतात.

सहा नंबर म्हणजे तुमचं मशीन, सर. तुमचा प्रबंध पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत याच मशीनवर झाला. तेव्हा ते घासताना तुमची आठवण येणार हे ठरलेलंच. ती फार प्रेमानं आली असं मात्र नाही.

तुम्हाला जाऊन महिना होत आला होता. जन्म, शिक्षण, सेवा, सगळं कॉलेजच्या फलकावर लागलं होतं. मी रस्त्यात सायकल थांबवून वाचलं. तुम्ही 'विद्यार्थिप्रिय' होतात ही माहिती मला नवीन होती. शोकसभेला मी आले नाही. बोलावणं नव्हतं, आणि असतं तरी त्या वेळी चाळीस स्पीडची बॅच असते.

तर ब्रश हातात असताना दारात वहिनी येऊन उभ्या राहिल्या. तुमच्या शैलजावहिनी, ज्या दोन वर्षांत माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. भाजीबाजारात मी समोरून आले की त्यांना एकदम मेथीच्या जुड्या निवडायच्या असत.

"बसा, वहिनी."

"बसायला नाही आले," म्हणाल्या आणि बसल्या. मांडीवर तुमची खाकी कापडी पिशवी होती. "पुण्याच्या गाईडसरांचं पत्र आलंय. चौथं प्रकरण दुरुस्त होऊन आलं तर विद्यापीठाशी बोलून पाहतो म्हणतात. माणूस गेल्यावर पदवी देतात की नाही, मला ठाऊक नाही. पण बोलतो म्हणालेत."

"मग?"

"नाशिकला कॉम्प्युटरवाल्याकडं गेले होते. तो म्हणाला, बाकीची पाच प्रकरणं मशीनवरची आणि हे एकच वेगळं, सोंग दिसेल. ज्या मशीनवर झालंय त्याच मशीनवर करून घ्या. म्हणून आले. नाहीतर तुमच्या दारात पाय ठेवला नसता."

मी पिशवी घेतली. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "ते चिन्ह तेवढं या वेळी खाऊ नका, बाई. त्यापायी आमचं माणूस गेलं."

"माणूस हार्टनं गेलं, वहिनी. चिन्हानं कोणी जात नाही."

त्या गेल्या. महिन्याभराच्या विधवेला असं बोलू नये, हे मला कळतं. पण दोन वर्षं गावानं मला जे ऐकवलं ते ऐकून माझी जीभ मऊ राहिली असती तर मी टायपिंग क्लास काढला नसता, कीर्तन केलं असतं.

आता दोन वर्षांपूर्वी काय झालं ते सांगायचं तर आधी काम कसं चालायचं ते सांगायला हवं. तुम्हाला ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्याला नसेल. टायपरायटरला ग्रीक अक्षरं नसतात. समीकरण आलं की मी रोलर फिरवून तेवढी जागा कोरी सोडायची, आणि पान पूर्ण झालं की बारीक निबाच्या पेनानं काळ्या शाईत ते हातानं भरायचं. मजकुराच्या चार प्रती कार्बननं निघतात, पण हातानं भरायचं ते चारदा भरावं लागतं. नगरपासून येवल्यापर्यंत हे नीट करणारी मी एकटी होते. शास्त्राचे प्राध्यापक लांबून यायचे. आमच्या वस्तीतली टायपिंगची परीक्षा पास झालेली मी पहिली, आणि क्लास काढलेलीही मीच. तेव्हा माझ्या हाताला काही किंमत आहे हे गावाला पटवायला मला बरीच वर्षं लागली होती.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा पहिलं प्रकरण घेऊन आलात आणि म्हणालात, "समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका, डोकं दुखेल."

"नाव तरी सांगा."

"धूलियुक्त प्लाझ्मातील एकल तरंग."

"मराठीत सांगा."

तुम्ही हसलात. त्या वेळी तुम्हाला हसू यायचं. वर बघा म्हणालात. वर क्लासची ट्यूबलाइट होती. आतला वायू पेटलाय, त्याचे कण फुटून धन आणि ऋण वेगळे झालेत, त्याला प्लाझ्मा म्हणायचं. आता त्या नळीत आपल्या कारखान्याची काजळी सोडली असं समजा. ऋण कण हलके आणि चपळ, ते आधी जाऊन काजळीला चिकटतात. मग काजळीचा एकेक कण ऋण होतो आणि एकमेकांना ढकलू लागतो. "लोकांना वाटतं धूळ म्हणजे घाण, खेळाच्या मधे आलेली," तुम्ही म्हणालात. "पण ती येते आणि सगळा खेळच बदलते." शनीच्या कड्यांत आणि धूमकेतूच्या शेपटीत हेच चालतं म्हणालात. मी दोरीवरच्या काजळलेल्या साड्या आठवून म्हटलं, इथंही तेच चालतं.

आणि एकल तरंग? ते तुम्हाला बोलून सांगता येईना. मी म्हटलं, दाखवता येत नसेल तर मी दुसऱ्या प्रकरणाला हात लावणार नाही. तेव्हा एका सकाळी तुम्ही मला पाटावर बोलावलंत. तुम्ही स्कूटरवरून आलात, मी माझ्या सायकलवरून. शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलेलं होतं, पाट काठोकाठ होता. शेतांकडं फुटणाऱ्या चारीच्या तोंडाशी पाणी सोडणारा पाटकरी होता, त्याला तुम्ही सांगितलंत की हे दार एकदम खाली सोड.

"एकदम? सायब वरडत्याल ना, सर."

"अरे, शास्त्राचं काम आहे."

"शास्त्राचं आसंल, पर दार सरकारचं हाय."

शेवटी तुम्ही त्याला तुमची सिगरेट दिलीत. त्यानं दार सोडलं आणि पाण्याला धक्का बसून त्याचा एक फुगवटा उठला. एकच. गुळगुळीत, घोंगडीखाली मांजर चालावं तसा तो पाटातून उलटा निघाला. पुढं काही नाही, मागं काही नाही. तुम्ही काठानं पळत होतात आणि ओरडत होतात, "बघा, मोडत नाही! पसरत नाही! बघा!" तुमच्या चपलेचा अंगठा तुटला तरी पळत होतात. मी सायकलवरून बरोबरीनं होते. बाभळींपाशी तो फुगवटा जरासा बसला, पण तुमच्या आधी बसला नाही. दम तुम्हाला आधी लागला.

"समोरून दुसरी अशीच लाट आली तर?" मी विचारलं.

"एकमेकींतून आरपार जातात. आणि पलीकडं निघाल्यावर जशाच्या तशा."

"बरं आहे की त्यांचं."

सर, त्या सकाळबद्दल मी तुमची आभारी आहे. कोणी मला आयुष्यात असं काही दाखवायला नेलं नव्हतं, आणि पुढंही नेलं नाही. हे मी जिवंतपणी बोलले नाही कारण तुम्ही लगेच फुशारला असतात.

तेव्हापासून मी नुसती उतरवत नव्हते. समीकरणं सोडवणं मला कधी आलं नाही, पण चेहरे ओळखू येऊ लागले. कोणतं अक्षर कुणाच्या शेजारी बसतं, कोणाच्या आधी ऋण चिन्ह असतंच असतं. धुळीच्या पदाआधी असायचं. दुसऱ्या प्रकरणात एका ओळीत तुम्ही एक अक्षर दोनदा लिहिलं होतं. मी दाखवलं. तुम्ही वहीत डोकं घालून पाच मिनिटं पाहिलंत आणि म्हणालात, "बाई, तुम्ही मला वाचवलंत." दुसऱ्या दिवशी शिर्डीचे पेढे आणलेत. दुकानातले, दर्शनाला गेला नव्हतात, तेही सांगितलंत.

आमचं एक भांडण अर्धंच राहिलं. मी विचारलं होतं, याचा उपयोग काय? तुम्ही म्हणालात, शनीची कडी समजतील. मी म्हटलं, शनीला समजून काय करायचंय, कोपरगावला काय? तुम्ही तीन आठवडे आला नाहीत. मग आलात ते दाराबाहेरूनच म्हणालात, "पाटाच्या दाराचा धक्का कुठपर्यंत जातो हे कोपरगावला कळायला हवं की नको?" मी म्हटलं, ते पाटकऱ्याला आधीपासून ठाऊक आहे. तुम्ही मला द्यायला उत्तर शोधत होतात. शोधायला वेळ होता. मधे तिसरं प्रकरण आलं, आणि मग ती दुपार आली.

त्या दुपारी तुमच्याबरोबर तुमच्या विभागातले दुसरे एक सर होते. टापटीप, सुगंधी. तुम्ही चौथ्या प्रकरणाचे कागद टेबलावर ठेवले आणि मी सवयीनं वरचं पान चाळत म्हटलं, "सर, हे तिसऱ्या प्रकरणातलंच पुढं नेलंय ना? मग इथं ते..."

ते दुसरे सर हसले. "काय हो, तुमच्या टायपिस्टबाई तुमचे परीक्षक पण का?"

तुमचे कान लाल झाले. तुम्ही मला म्हणालात, "बाई, तुम्ही उतरवा. वाचू नका. मक्षिकास्थाने मक्षिका, एवढंच तुमचं काम. मुळात माशी मेलेली असली तर तुम्हीही माशी काढायची."

ते सर पुन्हा हसले. तुम्हीही हसलात. मी म्हटलं, "बरं."

चौथं प्रकरण मी अठरा दिवसांत दिलं. पाठोपाठ पाचवं, सहावं आणि ऋणनिर्देश. ऋणनिर्देशात गाईड, प्राचार्य, ग्रंथपाल, सहकारी, वहिनी, आई, इतकंच काय पाटबंधारे खातंही होतं. मी नव्हते. ते पान मीच टाइप केलं, चारही प्रती, एकही खाडाखोड न करता.

पुढच्या वर्षी प्रबंध परत आला. सतराव्या समीकरणात धुळीच्या पदाआधीचं ऋण चिन्ह नाही, त्यामुळे जिथं खळगा यायला हवा तिथं उंचवटा आलाय, आणि चौथ्या प्रकरणाचा सगळा निष्कर्ष उलटा झालाय. दुरुस्त करून पुन्हा सादर करा. एवढंच होतं. पुष्कळांचे प्रबंध परत येतात.

तुम्ही सकाळच्या बॅचला आलात. बावीस मुली मशीनवर होत्या. तुम्ही ते पान माझ्या टेबलावर आपटलंत आणि ज्या बोलीतून शहाणपणानं बाहेर पडला होतात तिच्यातच ओरडलात, "काय केलंय हे तुमी? येवढं एक चिन्ह! सात वर्सं गेली माझी! यांच्या हातात दिलं हीच चूक झाली!"

बावीस मशीनं एकदम थांबली. तुम्ही कधी ऐकलं नसेल, चालू क्लास एकदम थांबतो तेव्हा कानात काय होतं ते.

मी म्हटलं, "मूळ कागद बघू."

"मूळ कागद माझ्याकडं बरोबर हायत!" म्हणालात आणि गेलात.

'यांच्या' म्हणताना तुम्ही माझ्याकडं पाहिलं नव्हतं. गावानं त्या शब्दाचा ज्याला जो सोयीचा तो अर्थ लावला. आठवड्यात सगळ्यांना ठाऊक झालं की औताडे सरांची पीएचडी टायपिंगवाल्या पगारेबाईंनी घालवली. प्रबंधात माझं नाव कुठंच नव्हतं. चूक निघाल्यावर मात्र सगळ्यांना आठवलं की काम कुणाचं होतं. येवल्याचे सर यायचे बंद झाले. नगरचे बंद झाले. त्या टापटीप सरांनी आपला प्रबंध नाशिकला दिला आणि मला मुद्दाम येऊन सांगितलं, "रिस्क नको, बाई, समजून घ्या." तेव्हापासून मी अर्ज, करारनामे आणि लग्नाच्या परिचयपत्रिका टाइप करते. पेन सुकू नये म्हणून आठवड्यातून एकदा धुऊन ठेवते.

हे सगळं सांगितलं कारण पिशवीत काय निघालं ते आता कळेल.

पिशवीत दुरुस्त चौथं प्रकरण होतं, तुमच्या हस्ताक्षरात, स्वच्छ, पूर्ण. त्यावरच्या तारखेनुसार ते दोन वर्षांपूर्वीच तयार होतं. सोबत जुनी वही होती, निळ्या पुठ्ठ्याची, जिच्यातून तुम्ही मला कच्चे कागद उतरवून द्यायचात. वहिनींनी ती न बघता टाकली असावी. मी सतरावं समीकरण काढलं. आधीच्या पानावर धुळीच्या पदाआधी ऋण चिन्ह आहे. त्याच्या आधीच्या पानावर आहे. पान उलटताना ते तुमच्याकडून सुटलंय. तुमच्या निळ्या शाईत सुटलंय, तुमच्या अक्षरात. नंतर तिथं लाल शाईत ते घातलंय आणि समासात लाल शाईतच लिहिलंय:

"ऋण चिन्ह माझ्याकडूनच सुटलं आहे. बाईंना सांगायला हवं."

खाली तारीख. माझ्या क्लासात ओरडून गेलात त्याच्या अकराव्या दिवसाची.

मी वही टेबलावर ठेवली आणि मशीन पुसून पूर्ण केलं. रॉकेल तसंच राहिलं तर रबराचा रोलर खराब होतो. मग पुन्हा वाचलं.

अकराव्या दिवशी तुम्हाला कळलं होतं. तुमच्या घरापासून माझा क्लास चालत चार मिनिटांवर आहे. दोन वर्षं तुम्ही त्या चार मिनिटांच्या रस्त्यावरून रोज दोनदा गेलात, माझ्या दारासमोरून, घड्याळात बघत. आणि चौथं प्रकरण तयार करून ठेवलंत. ते टाइप करायला याच मशीनकडं यावं लागणार होतं, माझ्याकडं. माझ्याकडं यायचं तर आधी ते एक वाक्य बोलावं लागलं असतं. ते बोलायच्या ऐवजी तुम्ही पीएचडी सोडून दिलीत. सात वर्षांचं काम घरात कापडी पिशवीत ठेवलंत, आणि बायकोला, आईला, सगळ्या गावाला बोलू दिलंत की त्या बाईच्या हातानं घात केला. सर, मी पुष्कळ भित्री माणसं पाहिली आहेत, माझा नवरा त्यांतलाच एक होता. पण इतकं कष्टाळू भित्रेपण पाहिलं नव्हतं.

एकदा आला होतात. तेही आता उमगलं. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत, क्लासात कोणी नसताना. काखेत एक फोल्डर होतं. म्हणालात, "कार्बन पेपर आहेत का?" मी म्हटलं, आहेत. तुम्ही उभे राहिलात. मी टायपिंग थांबवलं नाही. मला वाटलं, ओरडल्याची माफी मागायला आले असतील. मागू देत, मी मान वर करणार नाही. खुर्ची दिली नाही. समोरच्या टपरीवरून चहा आला होता, माझ्या एकटीपुरता. अर्धा तुम्हाला दिला. तुम्ही बशीतून प्यायलात. म्हणालात, "पाटाला पाणी सुटलंय, बाई." मी म्हटलं, "सुटलंय." मग तुम्ही फोल्डर घेऊन गेलात. कार्बन पेपर टेबलावरच विसरून.

त्या फोल्डरमध्ये काय होतं ते आज माझ्या टेबलावर पडलंय.

इथपर्यंत सगळा दोष तुमचा आहे, आणि मला इथंच थांबता आलं असतं. मी ठरवलंही तसंच: सकाळी वही घेऊन जायचं, वहिनींसमोर ते पान उघडायचं आणि परत यायचं. गावात दोन दिवसांत फिरलं असतं. मी मोकळी झाले असते. नगरचे, येवल्याचे पुन्हा आले असते. वाक्यंसुद्धा मनात जुळवून ठेवली होती.

पण तुम्ही माझ्याकडं आता वाद घालायला येऊ शकत नाही, म्हणून तुमच्या बाजूचं मलाच बोलायला हवं. तेवढा न्याय मेलेल्या माणसाला द्यावा लागतो.

ते चिन्ह सुटलेलं मला दिसलं होतं, सर.

चौथ्या प्रकरणाचं अकरावं पान. तुमच्या कच्च्या कागदावरून मी भरत होते. आधीच्या दोन पानांवर धुळीच्या पदाआधी चिन्ह होतं, इथं नव्हतं. चेहरा चुकलेला होता, लगेच ओळखू आलं. मी पेन उचललं. चार मिनिटांचा रस्ता माझ्यासाठीही होताच. मला आठवलं, 'उतरवा, वाचू नका.' ते हसणं आठवलं. मी पेन पुन्हा टेकवलं आणि तुम्ही लिहिलं होतं तसं लिहिलं. चार प्रतींत चारदा. चौथ्यांदा लिहिताना मला बरं वाटत होतं. हे मी सजवून सांगत नाही, खरंच बरं वाटत होतं. म्हटलं, घ्या तुमची माशी.

मला काय ठाऊक की त्यानं खळग्याचा उंचवटा होईल आणि सगळं प्रकरण पडेल. पण एवढं ठाऊक होतं की चूक आहे. आणि तुम्ही क्लासात ओरडलात तेव्हा मी 'मूळ कागद बघू' म्हटलं, 'मला दिसलं होतं' म्हटलं नाही. ते म्हटलं असतं तर त्याच दिवशी सगळं उलगडलं असतं; तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या, मी तुम्हाला, आणि महिन्याभरात प्रकरण पुन्हा टाइप झालं असतं. तुमच्या नावामागं डॉक्टर लागलं असतं. तुम्ही अकरा दिवस अज्ञानात होतात आणि मग दोन वर्षं भित्रे. मी पहिल्या दिवसापासून जाणती होते.

म्हणून सकाळचं ठरलेलं भाषण बिघडलं. अर्धं सांगितलं की मी सुटते, पूर्ण सांगितलं की तुमच्याबरोबर अडकते. मी रात्री जेवले आणि झोपले. असल्या गोष्टींवर जागून काही निघत नाही.

शनिवारी सकाळी सातला मी तुमच्या घरी गेले. ओसरीच्या पुढं मी कधी आले नव्हते, त्या दिवशी गेले, कारण तुमच्या आई दारातच लसूण सोलत बसल्या होत्या आणि म्हणाल्या, "आत जा, शैला हाय आत. तू कोन? टायपिंगवाली न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं.

"लई वंगाळ केलंस बाई तू."

"तेच सांगायला आलेय."

वहिनी शाळेत शिकवायला निघाल्या होत्या, पदर खोचलेला. मी म्हटलं, "प्रकरण मी करणारच आहे, आठ दिवसांत देते. त्याचा याच्याशी संबंध नाही. आधी हे वाचा." आणि वही उघडून समोर धरली.

त्यांनी वाचलं. मग तारीख वाचली. बोटांवर काहीतरी मोजलं. त्या रडतील असं मला वाटलं होतं, पण त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "सांगायला हवं, असं लिहिलंय. म्हणजे सांगणार होते."

"दोन वर्षं होती, वहिनी."

"हो." त्यांनी वही माझ्या हातातून घेतली. "मला म्हणायचे, त्या बाईचं नाव या घरात काढू नकोस. मला वाटायचं, रागानं." मग पदर सोडून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला काय काय बोलले. बाजारात, शाळेत. आता मीच सांगेन सगळ्यांना. आज शाळेपासून सुरुवात करते. तुमची काही चूक नव्हती."

हेच ऐकायला मी आले होते. ते ऐकलं आणि उठून जाता आलं असतं.

"होती," मी म्हटलं. "मला लिहितानाच दिसलं होतं. सांगितलं नाही."

"का?"

"त्यांनी दुसऱ्यांसमोर मला वाचू नका म्हणून सांगितलं होतं. म्हणून."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

तुमच्या बायकोनं माझ्याकडं जे पाहिलं, ते मी तुमच्या वाटणीचंही सोसलं, सर. दारातून आईंनी विचारलं, "काय म्हनतीया ती?"

"काही नाही, आई. दोघांचीही चूक कळतेय." मग वहिनींनी शाळेच्या पर्समधून पेन काढलं आणि वही माझ्याकडं सरकवली. "लिहा. त्यांनी लिहिलंय त्याच्या खाली. मी तोंडी काही सांगत फिरणार नाही. ज्याला विचारायचं त्याला हे पान दाखवीन, अख्खं."

मी लिहिलं: "हे चिन्ह नसल्याचं मला उतरवतानाच दिसलं होतं. सरांना सांगायला हवं होतं." खाली तारीख घातली.

"नाव," वहिनी म्हणाल्या.

मी पूर्ण नाव लिहिलं, सुमन रंगनाथ पगारे. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो. मग त्यांनी वही मिटून कपाटात ठेवली आणि मी क्लास उघडायला गेले.